डेमिलिचची ‘ट्वेन्टिएथ अ‍ॅडव्हर्सरी’ : सात महिने, दोन सीडी आणि मसूर डाळ

लिहायला बसलो ते दुकानदाराशी झालेल्या भांडणामुळे. म्हणजे भांडलो मी एकटाच. तो सगळा मिळून एक शब्द बोलला.

‘ट्वेन्टिएथ अ‍ॅडव्हर्सरी ऑफ एम्प्टिनेस’ (स्वार्ट रेकॉर्ड्स, २०१४) हा डेमिलिच या फिनलंडच्या डेथ मेटल बँडच्या जुन्या-नव्या रेकॉर्डिंगांचा दोन सीडींचा संग्रह हेलसिंकीत सेकंडहँड घेतला, १८ युरोला. (डेथ मेटल म्हणजे गुरगुरत्या आवाजातलं कर्कश, जड गिटारांचं संगीत.) डेमिलिचने आपलं रेकॉर्डिंग स्वतःच्या साइटवर फुकट ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं. बायकोलाही ठाऊक होतं, कारण मीच एकदा कौतुकाने सांगितलेलं. ते महागात पडलं. हेलसिंकीशेजारच्या एस्पोमध्ये वीजबिलावरून हिवाळाभर कटकट करणारा माणूस फुकटची गोष्ट पैसे देऊन आणतो, हे ऐकून घ्यावं लागलं. वर सीडी वाजवायला फ्ली मार्केटातून पाच युरोचा प्लेयर आणला.

त्यांचा अल्बम ‘नेस्पिथे’ (१९९३) कसा आहे हे त्यांच्या चाहत्यांना सांगायला नको. गायक आन्ती बोमनचा तो खोल, गुरगुरता आवाज कसलेही इफेक्ट न वापरता काढलेला आहे, तरी आमच्या घरात पहिल्यांदा लागला तेव्हा “याला जेवण जास्त झालंय का?” असा प्रश्न आला. खोटं कशाला बोलू, पंगतीतल्या शेवटच्या ढेकराशी साम्य आहेच. पण मी पैसे मोजले ते डेमोंसाठी, म्हणजे अल्बमआधीच्या कच्च्या रेकॉर्डिंगांसाठी. कुओपिओमधली ही पोरं १९९१ मध्ये ‘रिगर्जिटेशन ऑफ ब्लड’ या डेमोवर बरीचशी सरळ डेथ मेटल वाजवत होती आणि दोन वर्षांत ‘नेस्पिथे’च्या त्या वाकड्यातिकड्या रिफांपर्यंत (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांपर्यंत) पोचली. मधले डेमो ओळीने ऐकले की रिफ हळूहळू सांध्यातून निखळत जाताना ऐकू येतात. साइटवरच्या सुट्या फाइली हव्या तशा उलटसुलट ऐकल्या तेव्हा हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं.

आता गाण्यांची नावं. हा माझा खरा राग आहे. कॉम्प्युटरवर उतरवताना एक फाइल सेव्हच होईना. ‘द प्लॅनेट दॅट वन्स यूज्ड टू अ‍ॅब्झॉर्ब फ्लेश इन ऑर्डर टू अचीव्ह डिव्हिनिटी अँड इमॉर्टॅलिटी’, आणि एवढ्यावर भागत नाही, पुढे कंस आहे! माझं फोल्डरात फोल्डर, त्यात हे नाव, विंडोजने हात टेकले. गाडीच्या स्टीरिओवर हे नाव सरकत सरकत संपेपर्यंत मी दोन सिग्नल ओलांडतो. याच संग्रहातल्या, २००६ मध्ये रेकॉर्ड केलेल्या तीन गाण्यांत तर ‘एम्प्टिनेस ऑफ व्हॅनिशिंग’ आणि ‘व्हॅनिशिंग ऑफ एम्प्टिनेस’ अशी दोन वेगळी गाणी आहेत. दोन्ही चांगली. कुठलं कुठलं, ते आजही विचारू नका.

पाचव्या महिन्यात १९९१च्या गाण्यांवर सीडी अडखळायला लागली. ‘लागली’ म्हणतोय खरा, पण कधीपासून हे सांगता येणार नाही, कारण निदान तीन आठवडे मला ती अडखळ गाण्यातलीच वाटत होती. वा, काय विषम ताल आहे, म्हणून मान डोलावत होतो. एकदा तीच अडखळ ‘नेस्पिथे’त ऐकू आली, तीही पाठ असलेल्या जागी, तेव्हा ट्यूब पेटली.

मग पावती घेऊन दुकानात. जुना माल, ओरखडे, फसवणूक, सगळं बोलून घेतलं. दुकानदाराने सीडी उजेडात धरली, आपल्या प्लेयरमध्ये घातली आणि आम्ही दोघं उभ्याने चार गाणी ऐकत राहिलो. कुठेही अडली नाही. तो म्हणाला, “लिन्सी.”

हा शब्द मला मसूर डाळीच्या पाकिटावरचा माहीत. क्षणभर वाटलं, चेष्टा करतोय. ट्रॅममध्ये बसल्यावर शोधलं तर भिंगालाही लिन्सीच म्हणतात. प्लेयरचं भिंग. पाच युरोचा प्लेयर.

कापसाच्या काडीला स्पिरिट लावून पुसलं, दोन मिनिटांचं काम. तेव्हा दुकानदारावर लिहायला घेतलेला एक तारा मागे घेतो आणि तो माझ्याच चिकटपणाला देतो. सीडीला पाचपैकी साडेचार, अर्धा नावांपायी कापला.

भिंग पुसल्यावर डेमो पुन्हा ओळीने ऐकले. ज्या जागांवर मान डोलावली होती त्यातल्या बहुतेक सपाट झाल्या. दोन मात्र होत्या तिथेच आहेत.