‘सगळ्या बाइक्सचा स्कॅनर’ घेताय? आधी हे वाचा

घरच्या घरी गाडीचं काम करणाऱ्यांसाठी लिहितोय. ऑइल बदलणं, चेन धुऊन ताणणं, एअर फिल्टर, ब्रेक पॅड एवढं येणाऱ्या माणसाचं कार्ब्युरेटरच्या काळात फारसं अडत नसे. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, जवळपास प्रत्येक गाडीत फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर आला आणि मीटरवर तो पिवळा इंजिनाचा दिवा आला. तो लागला की पाना घेऊन कुठे हात घालायचा तेच कळत नाही. असा माणूस हेरून माल खपवणारे विक्रेते आहेत. त्यातल्या एकाने ईसीयूतला दोष वाचणारा स्कॅनर म्हणून मला ७,८०० रुपयांना गंडवलं.

जाहिरातीत होतं: सर्व भारतीय बाइक्स, लाइफटाइम लायसन्स, शोरूमसारखं स्कॅनिंग घरी. पार्सलमध्ये निळं पारदर्शक ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर आणि कारचा १६ पिनी सॉकेट बाइकच्या ६ पिनी कनेक्टरला जोडणारी केबल निघाली. पैसे यूपीआयने घेतले, तेही दुकानाच्या नावाने नाही, कोणा तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यावर. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर लायसन्सची ‘की’ टाकल्याशिवाय चालत नाही, म्हणून त्याने अँटीव्हायरस बंद करायला लावलं आणि लॅपटॉप रिमोटवर घेऊन स्वतः इन्स्टॉल केलं.

स्क्रीन मात्र देखणी. आरपीएमचा काटा हलतोय, आलेख धावतोय, आणि खाली लाल अक्षरांत दोषाचा कोड, पी ०१३०. म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. स्क्रीनशॉट पाठवताच उत्तर आलं, “दादा, ओ-टू सेन्सर गेलाय. शोरूमवाले चार हजाराच्या खाली बोलणार नाहीत. माझ्याकडे ओरिजिनल आहे, बावीसशेला देतो, तुम्ही आपले कस्टमर.” सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडेच नेमका तो सेन्सर शिल्लक असावा, हा योगायोग मला जरा जास्तच वाटला.

माझी होंडा एअर-कूल्ड आहे, पण स्क्रीनवर कूलंटचं तापमान दिसत होतं. तेवढ्यावरून संशय घेण्याचं कारण नव्हतं. बरीच सॉफ्टवेअर्स इंजिनाच्या तापमानालाच कूलंट म्हणतात. पण नाशिकच्या डिसेंबरात रात्रभर अंगणात उभी असलेली गाडी सकाळी सुरू करायच्या आधीच ८७ अंशांवर कशी? मग इंजिन बंद ठेवून अ‍ॅडॅप्टर गाडीतून उपसून हातात घेतलं. काटा हलतच राहिला. आलेखही धावत राहिला. पी ०१३० जागेवरच. चुलतभावाच्या स्कूटरला लावलं, तिलाही पी ०१३०. थोडक्यात, ते सॉफ्टवेअर कुठल्याही ईसीयूशी बोलतच नव्हतं, नुसता चित्रपट दाखवत होतं.

खरा दोष शोधायला एक रुपयाही लागला नाही. होंडाच्या कित्येक इंजेक्शन गाड्यांत सर्व्हिस कनेक्टरमधल्या ठरावीक दोन तारा जोडून चावी फिरवली की इंजिनाचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. ऑक्सिजन सेन्सरचा कोड २१, म्हणजे दोन लांब, एक छोटी. माझा दिवा सात वेळा छोटा लुकलुकला. सात म्हणजे इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर. (कुठल्या दोन तारा ते आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा, अंदाजाने काही जोडू नका.) ओळखीच्या गॅरेजवाल्यांकडे कंपनीचा खरा स्कॅनर आहे, त्यांनी लावून बघितला तर पी ०११८, म्हणजे त्याच सेन्सरचं सर्किट कुठेतरी तुटलेलं. उंदराने वायर कुरतडली होती. सेन्सर एकदम ठणठणीत. बावीसशेचा ओ-टू सेन्सर बसवला असता तरी दिवा तसाच राहिला असता.

त्या निळ्या डबीबद्दलही थोडं सांगतो. असल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये ईसीयूशी बोलायला जी एल्म ३२७ चिप असते, ती मुळात एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीची. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीतल्या प्रोग्रॅमला कॉपीपासून संरक्षण नव्हतं, त्यामुळे नकलांचा पूर आला. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. आज काही शे रुपयांत मिळणारी डबी बहुतेक वेळा नक्कलच असते. काही कारवर ती बऱ्यापैकी चालते, त्यामुळे ती सरसकट टाकाऊ म्हणणार नाही. पण बाइकच्या ईसीयूंची बोलण्याची पद्धत एक नाही, कोणी के-लाइनवर बोलतं, कोणी कॅनवर, आणि बराचसा तपशील कंपनीच्या स्वतःच्या भाषेत असतो. एकच डबी आणि एकच सॉफ्टवेअर ‘सर्व भारतीय बाइक्स’ वाचेल असं कोणी म्हणालं, की आपल्या मॉडेलचं आणि सालाचं नाव घेऊन विचारा. माझ्या विक्रेत्याचं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर होतं, “चालतं दादा, सगळ्याला चालतं.”

पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर एवढंच करून दाखवायला सांगा: चालू गाडीतून अ‍ॅडॅप्टर काढ, कनेक्शन तुटल्याचा संदेश आला पाहिजे. मग चावी बंद करून एखाद्या सेन्सरचा प्लग सोडव, पुन्हा स्कॅन कर, त्याच सेन्सरचा कोड आला पाहिजे. प्लग परत लावून कोड पुसला की तो गेला पाहिजे. खऱ्या स्कॅनरला हे जड नाही. रेकॉर्ड केलेला डेमो व्हिडिओ मात्र बघूच नका, त्यात काहीही दाखवता येतं.

मी हे सगळं त्याला सुनावलं, तर म्हणाला, “मग तुमचा ईसीयूच गेलाय, कुरियरने पाठवा, रिपेअर करून देतो.” ईसीयू पाठवला असता तर गाडी ओट्याला लावून बसलो असतो. पैसे परत मागितल्यावर ‘सर्व्हर अपडेट’चे आणखी १,२०० भरायला सांगितले आणि नकार देताच ब्लॉक केलं.

जास्त धास्ती लॅपटॉपची होती. अँटीव्हायरस बंद असताना, अनोळखी माणसाच्या हातात रिमोट असताना त्यात काय बसवलं गेलं हे सांगता येत नाही. कामाच्या फायली बाहेर काढून पूर्ण फॉरमॅट केला. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले, त्या लॅपटॉपवरून नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथे यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पैसे ज्या खात्यात गेले त्याचं नाव आणि चॅटचे स्क्रीनशॉट लागतात, त्यामुळे रागाच्या भरात चॅट पुसू नका. फोन जितका लवकर कराल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. मला दिवा आणि वायरच्या भानगडीत उशीर झाला होता. रक्कम तोवर त्या खात्यातून निघून गेली होती. तक्रार क्रमांक मिळालाय, पैसे अजून नाहीत.