ड्रिलमधून पांढरा भुगा निघाला तेव्हा कळले

माझ्याकडे २०१७ सालची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आहे. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती आणि सगळी ताकद पुढच्या चाकांना, अशी ही गाडी मी वर्षातून एकदा-दोनदा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेसाठी, म्हणजे शर्यतीच्या मार्गावर आपली गाडी हौसेने पळवण्यासाठी, नेतो. तेथे वेगात वळताना गाडीची मागची बाजू हलकी वाटायची, म्हणून रेसिंग गाड्यांना मागे असते तशी, हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबणारी आडवी पट्टी, म्हणजे विंग, बसवावी असे मनात आले आणि त्याच इच्छेपायी एका विक्रेत्याने मला ५८,००० रुपयांना फसवले. असा विचार आणखी कोणी करत असेल तर पैसे पाठवण्यापूर्वी त्याने हे वाचावे, म्हणून तपशिलाने लिहितो.

विक्रेता इन्स्टाग्रामवर भेटला. विंग अस्सल प्रीप्रेग (आधीच राळ मुरवलेल्या) कार्बन फायबरची आहे, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या भट्टीत) भाजलेली आहे, वजन साडेतीन किलो आहे, ताशी १०० किलोमीटर वेगाला १२० किलो डाउनफोर्स, म्हणजे खाली दाबणारा जोर, मिळतो आणि ती ‘एआरएआय अप्रूव्ह्ड’, म्हणजे पुण्याच्या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेली, आहे, असे त्याने सांगितले. वर, ‘सर, घरीच बसेल, तीन तासांचे काम आहे,’ अशी हमीही दिली. पैसे त्याने यूपीआयने एका व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यावर मागवले आणि जीएसटीचे बिल मालासोबत येईल असे म्हणाला. ते बिल कधीच आले नाही.

१२० किलो हा आकडा ऐकूनच मी थांबायला हवे होते. विंग १.४ मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद होती. एवढ्या आकाराची एकपदरी विंग, छतावरून येणाऱ्या विस्कळीत हवेत, ताशी १०० किलोमीटरला जेमतेम १६ ते १७ किलो दाब देते, हा हिशेब अकरावीच्या भौतिकशास्त्राचा आहे. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ५० किलोमीटरला तो चार किलोच्या आसपास उरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विंग मागच्या चाकांच्याही मागे असल्याने ती मागची बाजू दाबते तेव्हा पुढची चाके थोडी हलकी होतात. माझ्या गाडीची ओढ आणि स्टिअरिंग दोन्ही पुढच्या चाकांवर आहेत. खऱ्या जाणकाराने गाडी कोणती आणि पुढची बाजू दाबणारी बंपरखालची पट्टी, म्हणजे स्प्लिटर, आहे का, हे आधी विचारले असते. या माणसाने मला फक्त रंग विचारला.

मान्यतेचे म्हणून पाठवलेल्या कागदावर एक बोधचिन्ह होते, पण चाचणी अहवालाचा क्रमांक, तारीख किंवा गाडीचे मॉडेल यांपैकी काहीही नव्हते. ‘आरटीओचा प्रश्नच येत नाही,’ असे तो म्हणत राहिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती विक्रेत्याला नव्हे, गाडीच्या मालकाला.

एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम सुरू केले. डिकीच्या झाकणाला मास्किंग टेप लावून, दोनदा मापे घेऊन मी चार भोके पाडली आणि मग स्टँडसाठी विंगला ड्रिल लावले. शेजारचे काका, ज्यांचा जन्म टूलरूममध्ये गेला, ते जवळ उभे होते. खाली पांढरट भुगा पडताच ते म्हणाले, ‘अरे, कार्बनचा भुगा काळा असतो. ही फायबरग्लास आहे.’ वरची कार्बनची वीण म्हणजे छापील पापुद्रा होता आणि त्यावर लॅकर चढवले होते. काकांनी घरून मल्टिमीटर आणला. कार्बन फायबरमधून वीज वाहते, काचेच्या धाग्यांतून वाहत नाही. म्हणून आम्ही आतल्या बाजूला सँडपेपरने एक जागा घासून दोन्ही टोके टेकवली, तर काटा हललाच नाही. वजनकाट्यावर विंग सहा किलो दोनशे ग्रॅम भरली.

मी विक्रेत्याला फोन केला. ‘फोर्ज्ड कार्बनचा (कार्बनचे तुकडे साच्यात दाबून केलेला प्रकार) भुगा पांढराच येतो, सर,’ असे त्याने ठामपणे सांगितले. डिकीला चार भोके पडून गेली होती, त्यामुळे त्याचे खरे असावे असे मला मनापासून वाटत होते आणि मी विंग बसवली. ही चूक पहिलीपेक्षा मोठी होती. डिकीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि बोल्टचा जोर पसरण्यासाठी आतून धातूची रुंद पट्टी लागते. ती संचात नव्हतीच. दुसऱ्या दिवशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी ९० च्या आसपास मागून येणाऱ्या मित्राने फोन केला, ‘विंग डोलते आहे, गाडी हळू कर.’ खालापूरला उतरून पाहिले तर डावा स्टँड पायाशी वाकला होता आणि भोकाभोवतीचा पत्रा चिरला होता.

१९६९ साली स्पेनच्या ग्रां प्रीमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत, बार्सिलोनाच्या मोंज्यूइक मार्गावर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या लोटस गाड्यांच्या उंच विंगा शर्यतीतच मोडल्या आणि दोघेही जोरात आदळले. पुढच्या मोनाको शर्यतीच्या वेळी तशा विंगांवर बंदी आली. निष्णात अभियंत्यांच्या हातूनही आधार कमी पडू शकतो, तर हा माल कोणी आणि कशाच्या जोरावर तपासला असेल? माझ्या अगदी मागे त्या वेळी एखादी गाडी असती तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

विक्रेत्याने आधी उत्तरे देणे थांबवले आणि मग खाते बंद केले. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. पैशांची फसवणूक लगेच लक्षात आली तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. मी एकोणीस दिवस उशीर केला आणि तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. संभाषणाचे स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद आणि मल्टिमीटरचा व्हिडिओ जोडले आहेत. काकांनी त्या दिवशी कागदात गुंडाळून ठेवलेला पांढरा भुगा पुराव्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर आहे.