पाच महिने वापरलेला कूलर: जळलेला पंप आणि रात्री तीनचा बीप

नवतपा लागून तिसरा दिवस होता. दुपारी दोन वाजता पंप बंद पडला. पंखा फिरतोय पण पॅड कोरडे, म्हणजे बाहेरची ४५ डिग्रीची झळ हा कूलर सरळ घरात ओढत होता. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर "७२ तासांत माणूस येईल." नागपुरात मे महिन्यात ७२ तास! घरात सदुसष्ट वर्षांची आई. माणूस आला पाचव्या दिवशी. पंप उघडला, आतला पांढरा थर नखाने खरवडून दाखवला आणि म्हणाला, "ताई, पाणी खारं आहे. हे वॉरंटीत बसत नाही." पंपाचे साडेचारशे, येण्याचे अडीचशे. मी पाऊण तास भांडले आणि शेवटी पैसे दिले. त्या रात्री मी याला एक स्टार देऊन मोकळी झाले होते. तो एक स्टार आज मागे घेतेय, पूर्ण नाही, पण घेतेय.

५५ लिटरची टाकी, हनीकोंब पॅड, नऊ हजार आठशे रुपये. बाकी माहिती तुम्हाला डब्यावर मिळेल.

मला सगळ्यात जास्त छळलं ते टाकी रिकामी झाल्यावर वाजणाऱ्या बीपने. मे महिन्यात आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की हा कूलर रात्री तासाला साधारण दहा लिटर पाणी पितो. मी बादल्या मोजल्यात. दहाला भरलेली टाकी तीन-साडेतीनला संपते आणि बीप सुरू होतो. तो बंद करायची सोयच नाही. मेच्या पहिल्याच आठवड्यात मी आईवर चिडले, "आपला जुना कूलर कधी असा रात्रीचा संपत नव्हता, हा काय घेतला आपण?" आई अंधारातच म्हणाली, "तुझे बाबा उठत होते नं रोज. म्हणून संपत नव्हता."

जुना कूलर बाबांनी स्वतः बनवलेला. हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये ते पत्राकाम करायचे, त्यामुळे १९९७ साली पत्रा आणून, कापून, रिबिट मारून त्यांनी तो घरीच उभा केला. मागच्या नोव्हेंबरात बाबा गेले. तोंडाचा कॅन्सर. त्यानंतर तो कूलर गच्चीवरून खाली आणायचं कोणाच्या मनाला येईना, म्हणून हा प्लास्टिकचा घेतला.

इथे थोडं थांबून लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरात नक्की खर्रा असेल, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला. बाबांनी खर्रा सोडला तो माझ्या जन्माच्या वर्षी. तंबाखू बंद, चुना बंद. राहिली नुसती सुपारी, आणि तिला कोणी व्यसन समजलंच नाही, आम्हीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारी स्वतःच, तंबाखूशिवायही, कॅन्सरकारक असल्याचं सांगितलंय. मला ते कळलं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलच्या बाकावर बसून. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, आपलीच तीन बोटं उभी धरून आत जात नाहीत, तिखट झोंबतं, ही लक्षणं बाबांना दोन वर्षं होती. ते पोळी लहान तुकडे करून खायचे आणि आम्हाला वाटायचं, वय झालं. घरात कोणाला असं होत असेल तर आजच दाखवा.

ऑपरेशन झालं, मग सहा आठवड्यांत रेडिएशनचे तीस शेक. शेकाने लाळेच्या ग्रंथी जातात. तोंड इतकं कोरडं पडतं की जीभ टाळूला चिकटून माणूस जागा होतो. दादा हप्त्यावर एसी घ्यायला निघाला होता. डॉक्टर म्हणाले, एसीची हवा आणखी कोरडी असते, तुमच्या पाण्याच्या कूलरची ओलसर हवा यांना बरी. बाबांना इतकं बरं वाटलेलं मी त्या दिवसांत पुन्हा पाहिलं नाही. कूलर दोनशे वॅट, एसी पंधराशे, हा हिशेब त्यांनी पाटीवर लिहून दादाला दाखवला. बोलणं तेव्हा कठीण होतं त्यांना.

त्याही उन्हाळ्यात ते रात्री तीनला उठत होते. तोंड कोरडं पडून जाग यायचीच, तेवढ्यात कूलर भरून टाकायचे. मानेतल्या गाठी काढताना खांद्याच्या नसेला धक्का बसतो, त्यामुळे उजव्या हाताने बादली उचलवत नव्हती. नाकात नळी, आणि डाव्या हाताने एकेक मग पाणी. नळाची धारसुद्धा कडेला लावायचे, आवाज नको म्हणून. मी बाजूच्या खोलीत गार झोपलेली असायची. आईला माहीत होतं. मला सांगायचं नाही असं त्यांनी तिला बजावलं होतं.

तर पंप जळाला त्या संध्याकाळी दादा आणि मी तो पत्र्याचा कूलर खाली उतरवला. चौकातून नव्या वूडवूलच्या ताट्या, म्हणजे लाकडाच्या किसाचे पॅड, आणल्या. जुनी ताटी काढली तर आतल्या पत्र्यावर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं:

"आधी पिन काढणे. पायात चप्पल. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करणे, क्षार राहतात."

जुनी अक्षरं विटलेली, पण त्यांच्यावरून पुन्हा गिरवलेलं होतं. आईने सांगितलं, मागच्या एप्रिलमध्ये, डाव्या हाताने. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि दर दिवशी टाकीतलं पाणी आणखी खारं होत जातं. बाबांचा पंप याच नळाच्या पाण्यावर नऊ वर्षं चालला. आम्ही नव्या कूलरची टाकी मार्चपासून एकदाही तळापर्यंत रिकामी केली नव्हती, नुसती वरून भरत गेलो. हे लक्षात आलं ते माणूस पैसे घेऊन गेल्यावर. म्हणजे तो खरं बोलत होता आणि मी त्याच्यावर उगाच ओरडले. पाच दिवस लावल्याचा राग मात्र कायम आहे.

जूनपासून दर रविवारी टाकी रिकामी केली, त्या पाण्याने आंगण धुतलं. पंप पुन्हा अडला नाही. हवा पत्र्याच्या कूलरइतकी लांब जात नाही, पण आवाज निम्मा. आणि एक गोष्ट प्लास्टिकच्या बाजूने ठामपणे लिहिते: शॉक. लोखंडी कूलरला हात लावून माणसं गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. बाबा दर मार्चला अर्थिंग तपासायचे. आमच्यात ते कोणाला येत नाही. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. म्हणून रोजच्या वापराला हाच राहणार. साडेतीन स्टार.

बीपचा अर्धा स्टार कापलाय, तो कापलेलाच राहू द्या. उठणं आई आणि मी वाटून घेतलंय.

जुन्या कूलरसोबत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मिळाला. त्यात कपॅसिटर, ताट्यांचे हुक आणि दोन नवे पंप. एक तेव्हाच जुन्या कूलरला लावला. दुसरा अजून सीलबंद आहे. अठरा वॅट, नळीचं तोंड याच मापाचं. मी लावून पाहिलं, नव्यालाही बसतो. पुढच्या मे महिन्यात पंप गेला तर सर्व्हिस सेंटरला फोन करणार नाही.