वर्गात एकच मोबाइल: वर्षभर वापरलेली फुकट साधनं

"समजलं का?" असं विचारलं की वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. हा "हो" मी २२ वर्षं ऐकतेय. त्यातले खरे किती आणि शेजारच्याच्या मागोमाग ओठ हलवणारे किती, हे कळायला पूर्वी चाचणीपर्यंत थांबावं लागायचं, आणि तोवर धडा केव्हाच मागे पडलेला असायचा. यंदा मी काही फुकट डिजिटल साधनं वर्गात आणली ती मुळात या "हो"चा छडा लावायला. कोणती टिकली आणि कोणती आठवडाभरात घरी गेली, ते लिहिते.

आधी माझा वर्ग. सातवी, विज्ञान आणि गणित, पटावर ४४. एक प्रोजेक्टर, पण दुपारी ऊन आत आलं की पडद्यावरचं निम्मं चित्र गायब. एक म्हातारा लॅपटॉप. एक मोबाइल, तो माझा, आणि इंटरनेट म्हणजे त्याच मोबाइलचा हॉटस्पॉट. मुलांच्या हाती काही नाही. अशा साधनांच्या जाहिरातींत प्रत्येक मुलापुढे चकचकीत टॅब असतो. मी त्या जाहिराती बघते, उसासा टाकते आणि बंद करते.

म्हणून कुठलंही फुकट साधन हाती घेताना माझे दोनच प्रश्न असतात. मुलांना खातं उघडावं लागतं का? आणि उद्या हे दुकान बंद झालं तर माझं काम माझ्याकडे राहतं का? दुसरा प्रश्न मी ठेच लागल्यावर विचारायला शिकले. एका ऑनलाइन फळ्यावर (नाव घेत नाही) मी दोन वर्षं आकृत्या काढून साठवल्या होत्या. एक दिवस ईमेल आला की सेवा बंद होते आहे, अमुक तारखेपर्यंत आपलं सामान उचला. तो ईमेल मी वाचला तारीख उलटून गेल्यावर.

पैकीच्या पैकी मार्क द्यायचे तर प्लिकर्स या अ‍ॅपला. यात मुलांच्या हातात फक्त कागद असतो. प्रत्येकाला एक कार्ड, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी. प्रत्येक नक्षी वेगळी आणि तिला एक क्रमांक. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. उत्तर बी वाटत असेल तर बी वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवते, आणि कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर उमटत जातं. शेजारच्याचं कार्ड बघून उपयोग नाही, कारण त्याची नक्षी वेगळी आणि अक्षरं लांबून वाचता येत नाहीत. इतकी वर्षं कॉपी रोखण्यासाठी मी जे डोळे वटारले, ते काम एका नक्षीनं केलं.

खातं लागतं ते फक्त शिक्षकाचं. मी त्यात मुलांची नावंही भरली नाहीत, नावाच्या जागी हजेरी क्रमांक भरले. ३१ म्हणजे कोण हे मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

सुरुवातीला मी एक हौस केली. कार्डं टिकावीत म्हणून लॅमिनेशन करून घेतलं, तेही चकचकीत. खिडकीचा उजेड पडला की कॅमेऱ्याला नक्षीच्या जागी पांढरा डाग दिसायचा. आठवडाभर मी "जरा पुढे झुकवा, अजून जरा" करत वर्गभर फिरले. मग दुसरा संच साध्या कागदावर छापला आणि जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवला. तो अजून चालू आहे. अडचण उरली ती अंगठ्याची. नक्षीवर अंगठा आला की कार्ड वाचलं जात नाही, आणि १७ क्रमांकाचा अंगठा वर्षभर नेमका तिथेच होता.

आता त्या "हो"बद्दल. विद्युत परिपथाचा धडा झाला होता. सगळ्यांना समजला होता, म्हणजे सगळे "हो" म्हणाले होते. मी प्रश्न टाकला: एका घटाला दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत जोडले, तर कुठला जास्त उजळेल? घटाच्या धन टोकाजवळचा, ऋण टोकाजवळचा, की दोन्ही सारखेच? कार्डं वर गेली. २७ जणांनी धन टोकाजवळचा निवडला. त्यांच्या मते पहिला बल्ब वीज "खातो" आणि उरलीसुरली दुसऱ्याकडे जाते. ऐकायला अगदी पटण्यासारखं आहे. पाण्याच्या नळाला हौद लावला तर तसंच होतं ना.

उत्तर न सांगता मी मुलांना शेजाऱ्याशी भांडायला तीन मिनिटं दिली आणि पुन्हा कार्डं वर करायला लावली. ही रीत माझी नाही. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९०च्या दशकात ती रुजवली: आधी एकट्यानं उत्तर, मग शेजाऱ्याला पटवणं, मग पुन्हा उत्तर. त्यासाठी प्लिकर्सच हवं असं नाही, बोटं वर करूनही चालतं. पण बोटं सगळ्यांना दिसतात आणि हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाचं बोट बघून दहा बोटं बदलतात. कार्डांत तसं होत नाही. दुसऱ्या फेरीत २७चे १४ झाले. त्या १४ जणांसाठी प्रोजेक्टर लावला.

लावलं ते फेटचं परिपथ जोडण्याचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचा प्रयोग. फेट हा कोलोरॅडो विद्यापीठाचा, बोल्डरचा प्रकल्प, २००२ मध्ये सुरू झालेला. सुरू करणारे कार्ल वीमन. त्याच्या आदल्या वर्षीच त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. नोबेलनंतर माणसानं शाळकरी मुलांच्या बल्बांकडे वळावं याचं मला फार अप्रूप आहे. तर या सिम्युलेशनमध्ये घट, तारा, बल्ब, कळ ओढून आणायचे आणि जोडायचे. परिपथ पूर्ण झाला की तारेतून निळे गोळे, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकायला लागतात. आणि इथेच त्या १४ जणांचं तोंड बंद झालं. पहिल्या बल्बच्या आधी आणि दुसऱ्याच्या नंतर गोळे त्याच गतीनं चालले होते. कोणी कोणाला खात नव्हतं. घटाची दोन टोकं थेट तारेनं जोडली की घट पेटतो, पडद्यावर ज्वाळा येतात. लघुपरिपथ (शॉर्ट सर्किट) म्हणजे काय हे मी फळ्यावर इतक्या वर्षांत जितकं समजावलं नसेल तितकं त्या ज्वाळांनी समजावलं.

सामानाच्या खणात नाणं, पेन्सिल, खोडरबर असल्या वस्तू आहेत, परिपथात जोडून बघायला. एक कुत्राही आहे. त्यानंतरचा पाऊण तास वर्गाला फक्त कुत्रा जोडायचा होता.

फेटला मी १० पैकी ९ देते. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कोणी दिलेलं नाही: सिम्युलेशन ही एक फाइल म्हणून उतरवून घेता येते आणि मग ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालते. माझ्या पेनड्राइव्हवर अशी ११ आहेत. भाषांच्या यादीत मराठीही आहे. त्यांची जुनी सिम्युलेशन जावा आणि फ्लॅश या ब्राउझरला वेगळी जोडावी लागणाऱ्या तंत्रांवर चालायची. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, तेव्हा किती तरी शैक्षणिक संकेतस्थळांवरचे खेळ एका रात्रीत राखाडी चौकोन झाले. फेटनं आपली सिम्युलेशन एक-एक करून एचटीएमएल ५ मध्ये, म्हणजे कुठल्याही आजच्या ब्राउझरला थेट कळणाऱ्या भाषेत, नव्यानं बांधली.

एक मार्क का कापला ते सांगते. तिथला घट कधी संपत नाही आणि तिथला जोड कधी सैल होत नाही. एका तुकडीला मी आधी सिम्युलेशन दाखवलं आणि मग खरे बल्ब दिले. खऱ्या दोन बल्बांवर आकडे तेच छापलेले होते, तरी एक जरा मंद जळत होता, कारण खरे बल्ब तंतोतंत सारखे नसतातच. त्यावर एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "बाई, हा बल्ब चुकतोय." तेव्हापासून क्रम उलटा: आधी तारा, चिकटपट्टी आणि वैताग, नंतर पडदा. हा मार्क खरं तर माझाच कापायला हवा होता.

जिओजेब्रा, म्हणजे भूमितीच्या आकृत्या पडद्यावर काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर, त्याबद्दल थोडक्यात, कारण त्याची स्तुती सगळेच करतात आणि ती खरी आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी ते सुरू केलं. त्रिकोणाचा शिरोबिंदू धरून ओढला की कोन बदलताना दिसतात, बेरीज १८०च राहते. एका मुलानं मात्र तिन्ही मापं वहीत उतरवून बेरीज केली: ६१.५, ५८.४ आणि ६०.२, म्हणजे १८०.१. संगणक पकडला म्हणून साहेब खूश. तो तास मग त्रिकोण सोडून आसन्न किमतींवर, म्हणजे दशांशानंतरचे आकडे तोडून जवळची किंमत घेण्यावर, गेला. चांगला गेला.

घड्याळ लावून घेतल्या जाणाऱ्या, गाणंबिणं वाजणाऱ्या प्रश्नमंजुषा मी एका आठवड्यात थांबवल्या. एक तर त्यांना प्रत्येक गटामागे एक फोन हवा. दुसरं, लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण, त्यामुळे मुलं प्रश्न वाचणंच सोडतात. माझ्या वर्गातला सगळ्यात नीट विचार करणारा मुलगा सगळ्यात सावकाश आहे. तीन फेऱ्यांत तो तळाला होता आणि चौथ्या फेरीला म्हणाला, "मी गुण लिहायला बसतो." पुरे झालं.

घरी सोडवायच्या ऑनलाइन फॉर्मनंही एकदा दगा दिला. एका शब्दाचं उत्तर आपोआप तपासलं जाईल म्हणून मी निर्धास्त. निकाल पाहते तर अर्धा वर्ग नापास. मी उत्तर "ऑक्सिजन" दिलं होतं आणि मुलांनी "ऑक्सीजन" लिहिलं होतं. काहींनी "प्राणवायू" लिहिलं होतं, म्हणजे जास्तच बरोबर. यंत्र अक्षर न् अक्षर जुळवतं, त्याला ऱ्हस्व-दीर्घाची माफी ठाऊक नाही. आता मराठीत एका शब्दाची उत्तरं यंत्राकडे तपासायला देत नाही, पर्यायांचे प्रश्नच देते. सगळ्यांनी चिठ्ठ्या चिकटवायच्या भिंतीसारखं जे असतं, तेही निनावी लिहायची मुभा देऊन एकदा उघडलं होतं. मजकूर आधी मी तपासेन अशी सोय होती, ती मी सुरू केली नव्हती. पुढचं सांगत नाही.

राहिलं वाटणं. साधनं बनवणारे वर्गाचा विचार करतात, स्टाफरूमचा फारसा नाही. मला ती ११ सिम्युलेशन आणि माझे स्वाध्याय चार सहकाऱ्यांना द्यायचे होते. ईमेलवर फाइली मोठ्या, पेनड्राइव्ह म्हणजे व्हायरसची देवघेव. लोकलसेंड नावाचं एक मुक्तस्रोत अ‍ॅप सापडलं. दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर असली की फाइल थेट जाते, इंटरनेट लागत नाही, खातं लागत नाही. फोनमधून लॅपटॉपमध्ये, लॅपटॉपमधून फोनमध्ये. आमच्या गणिताच्या सरांना नवं काही शिकवायचं म्हणजे आधी चहाइतका वेळ विनवण्या लागतात, तेही दुसऱ्या दिवशी आपण होऊन पाठवायला लागले.

जुन्या स्वाध्यायांचं दुखणं वेगळं निघालं. ते युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्या कळणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेले, त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरांची खिचडी. दोन सुट्ट्या घालवून सगळे पुन्हा टंकले. आता नोटो किंवा मुक्ता हे युनिकोड फॉन्ट वापरते, दोन्ही फुकट आणि मुक्त परवान्याचे. देताना पीडीएफ देते आणि सोबत बदलता येईल अशी मूळ फाइलही देते. पीडीएफ एकटी दिली तर समोरच्या शिक्षकाला माझे १० प्रश्न जसेच्या तसे गिळावे लागतात.

आणि तळाला क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याची ओळ टाकते, "बीवाय-एसए" प्रकारातली: वापरा, बदला, पण नाव द्या आणि पुढे याच अटीवर वाटा. हे शहाणपण येण्याआधी माझाच एक स्वाध्याय फिरत फिरत माझ्याकडे परत आला होता, वर दुसऱ्याच नावानं. सातव्या प्रश्नातली माझी चूक मात्र त्यांनी तशीच ठेवली होती.

परवा चाचणीचे पेपर तपासले. दोन बल्बांच्या प्रश्नात यंदा नऊ जण चुकले. नऊ कमी नाहीत, पण कोणते नऊ ते मला पेपर उघडण्याआधी ठाऊक होतं. परिपथाची आकृती काढा, असाही प्रश्न होता. १७ क्रमांकानं घट काढला, कळ काढली, बल्ब काढला आणि त्यांच्या मध्ये एक कुत्रा. घट आणि बल्ब चिन्हांनी दाखवले होते. कुत्र्याचं चिन्ह पुस्तकात नाही, म्हणून त्याचं शेपटीसकट चित्र, आणि शेजारी बाण काढून लिहिलं होतं: "रोध फार जास्त, म्हणून बल्ब लागला नाही." पूर्ण मार्क दिले.