लिबरल आर्ट्सची पदवी : अठरा महिन्यांच्या वापरानंतर

पदवी मुलीने घेतली असली तरी पैसे मी भरले आहेत, म्हणून हा अनुभव लिहिण्याचा अधिकार मी माझ्याकडे घेत आहे. तात्कालिक कारण आहे वसतिगृहाची पंधरा हजार रुपयांची अनामत रक्कम. खोली सोडल्यापासून साठ दिवसांत ती परत मिळेल, असे पुण्याजवळच्या त्या खासगी विद्यापीठाने लिहून दिले होते. खोली मे २०२४ मध्ये सोडली. त्यानंतर अकरा ईमेल आणि चार फोन झाले असून 'प्रक्रियेत आहे' याखेरीज उत्तर नाही. पावसच्या पतसंस्थेत मी बत्तीस वर्षे हिशेब लिहिले. एखाद्या ठेवीदाराला आम्ही असे ताटकळत ठेवले असते, तर त्याने दारातच उपोषण मांडले असते.

लिबरल आर्ट्स म्हणजे काय (कला, समाजशास्त्रे, विज्ञान यांतले विषय एकत्र घेऊन करायची पदवी), हे वाचकांना ठाऊक असेलच. आमच्या नातेवाइकांना मात्र अजूनही ती चित्रकला वाटते. मुलीने इतिहास मेजर, म्हणजे मुख्य विषय, आणि संख्याशास्त्र मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घेतले. फी, वसतिगृह आणि खाणावळ धरून तीन वर्षांत अकरा लाख चाळीस हजार रुपये खर्च झाले. नव्या शैक्षणिक धोरणातले चौथे वर्ष ऐच्छिक होते; ते आम्ही, म्हणजे मी, नाकारले.

विषयांची ही सरमिसळ नवी आहे, असे विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत मोठ्या झोकात म्हटले होते. ते मला तेव्हाही पटले नव्हते. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी डेक्कन कॉलेजातून १८७७ साली बी.ए. केले ते गणित घेऊन, आणि पुढे कायद्याची पदवी घेऊन वर्तमानपत्रे चालवली. मुरूडचे अण्णा कर्वे १८८४ साली एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत राहिले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. पदवीच्या विषयाचा आणि आयुष्यातल्या कामाचा सांधा सरळ नसतो, हे कोकणाला दीडशे वर्षांपासून माहीत आहे. नवी आहे ती फी.

पहिले आठ महिने माझे मत अत्यंत वाईट होते. मुलाखतीला जावे तर समोरचा विचारी, 'म्हणजे नेमके काय येते तुम्हाला?' आणि ती या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला जाई, तिथेच मुलाखत बुडे. घरात तर प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू निघू लागली. पाण्याचा पंप बदलायचा की दुरुस्त करायचा, एवढ्यावर तिने मला पाऊण तास समजावले, आणि तोवर टाकी रिकामी झाली.

मत बदलले ते गेल्या वर्षी फेब्रुवारीत. आमची हापूसची कलमे आहेत आणि माल वाशीला दलालाकडे जातो. विक्रीनंतर येणाऱ्या पट्ट्या, म्हणजे दलालाचे हिशेबाचे कागद, मी २०१२ पासून तारेला ओवून ठेवल्या आहेत. मुलीने ती तार खुंटीवरून काढली आणि दोन दिवस पडवीत वर्षवार पट्ट्या मांडून बसली. पदवीच्या पहिल्या वर्षी त्यांना इतिहासाच्या तासाला जमाखर्चाचा एक जुना मोडी कागद दोन आठवडे वाचायला दिला होता : तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि काय लिहायचे टाळले, एवढेच शोधायचे. (त्या दोन आठवड्यांची फी मी तेव्हा काढून पाहिली होती.) आता तेच प्रश्न तिने आमच्या पट्ट्यांना विचारले. २०१६ साली राज्य सरकारने अडत, म्हणजे दलालाचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, आणि त्यानंतरच्या हंगामापासून आमच्या पट्टीवरची अडतीची ओळ खरोखरच गेली होती. पण 'इतर' नावाची ओळ त्याच हंगामात उगवली आणि दरवर्षी वाढत गेली. शिवाय हमालीच्या खाली तोलाई, म्हणजे वजन करण्याचे पैसे, लावलेली होती. आमचा माल पेटीवर विकला जातो, काट्यावर चढतच नाही. मग तोलाई कशाची? मी या सगळ्या पट्ट्यांच्या बेरजा त्या त्या वर्षी तपासल्या होत्या आणि त्या बिनचूक होत्या. त्यापलीकडे पाहावे, असे मला बत्तीस वर्षांच्या नोकरीत सुचले नाही.

दलालाला तिने भांडणाचा सूर न लावता दोन पानी पत्र लिहिले, सोबत वर्षवार तक्ता जोडला. त्याने आधी फोनवर मलाच सुनावले, मग तोलाई काढली आणि 'इतर'ही कमी केले. पेटीमागे एकतीस रुपये वाचले आणि त्या हंगामात आमच्या सहाशे वीस पेट्या गेल्या, म्हणजे एकोणीस हजार दोनशे वीस रुपये. या गतीने पदवीचा खर्च वसूल व्हायला एकोणसाठ वर्षे लागतील. मी आज अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मात्र वाडीतले सात बागायतदार आता आपापल्या तारा घेऊन आमच्या पडवीत येतात आणि चहाचा खर्च माझ्याकडे असतो.

पगाराचे म्हणाल, तर ती सध्या घरी बसून मुंबईच्या एका संस्थेसाठी पाणी योजनांचे अहवाल लिहिते आणि शेजारच्या इंजिनिअर मुलाच्या निम्मे कमावते. ती समाधानी दिसते. टॅली आणि जीएसटी मात्र तिला मीच शिकवतो आहे. अकरा लाखांत एवढे तरी बसवायला हवे होते. पाचपैकी साडेतीन तारे देतो. अर्धा तारा अनामतीपोटी अडवून ठेवला आहे.

ताजा कलम : वरील मजकूर लिहून झाल्यावर मंगळवारी खात्यात तेरा हजार दोनशे रुपये जमा झाले. मुलीने करारातल्या कलमाचा क्रमांक घालून पाठवलेल्या बाराव्या ईमेलचा हा परिणाम असावा. कापलेल्या अठराशे रुपयांपुढे 'इतर' असे लिहिले आहे. तिने तपशील मागवला आहे, आणि त्या पावतीची छापील प्रत मी तारेला लावून ठेवली आहे.