गरोदर वहिनीसाठी घेतलेली डाएट सर्व्हिस : अ‍ॅपला २ स्टार, घरी येणाऱ्या ताईंना ५

वहिनीला पाचवा महिना लागला तेव्हा ही सर्व्हिस घेतली. अ‍ॅपवर रोजचा चार्ट येतो आणि महिन्यातून एकदा एक ताई घरी येतात. तीन महिने झाले म्हणून आता लिहितेय.

आधी अ‍ॅपचं सांगते. चार्टमध्ये चूक काहीच नाहीये, धान्य, डाळी, दाणे-बिया, दूध, मांस-मासे, अंडी, पालेभाज्या, पिवळी-केशरी फळं-भाज्या, इतर भाज्या, इतर फळं असे १० गट आहेत आणि दिवसात त्यातले किमान ५ पोटात जायला हवेत असं ते मोजतं. पण हे एफएओचं (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचं) माप मुळात एखाद्या भागातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांचा एकत्र अंदाज घ्यायला केलेलं आहे, एकट्या बाईला पास-नापास करायला नाही, आणि अ‍ॅप मात्र वहिनीला रोज लाल फुली दाखवतं. ती फुली बघून ती बिचारी कानकोंडी व्हायची. तिच्या हातात असतं काय? बाजार लांब, आणायला जातो दादा, पैसे अण्णांकडे, आणि फोनही दादाचाच, म्हणजे दुपारी काय खायचं त्याचं नोटिफिकेशन ती रात्री भांडी घासून झाल्यावर वाचणार.

ताई पहिल्यांदा आल्या त्या मुद्दाम जेवणाच्या वेळेला. सरळ चुलीपाशी बसल्या आणि विचारलं, "काल सकाळपासून काय काय खाल्लंस?" वहिनी म्हणाली सगळंच खाते. मग त्यांनी हळूच विचारलं, घरात आधी कोण जेवतं? कोणी काही बोललं नाही. आधी अण्णा-दादा, मग मुलं, मग आई आणि मी, शेवटी वहिनी. डाळीच्या पातेल्यात तळाला नुसतं पाणी होतं, आणि तिच्यासाठी आणलेलं अंडं तिनेच पुतण्याच्या ताटात टाकलेलं. मी रोज तिच्या आधी जेवत होते, मला हे कधी दिसलंच नाही.

ताईंनी कुणाला लेक्चर दिलं नाही. फक्त आईला विचारलं, "काकू, तुमच्या वेळी तुम्ही काय खायचात?" आई जरा थांबून म्हणाली, "उरलं तर." बास. दुसऱ्या दिवसापासून आई वहिनीचं ताट आधी वाढून झाकून ठेवते.

आईला भीती होती की जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अवघड जातं. ताईंनी समजावलं की दोघांचं जेवायचं नसतं, मधल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण ३४० कॅलरी जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांत साधारण ४५०, एवढंच. लोहाच्या गोळ्या वहिनीने बंद केल्या होत्या, शौचाला काळं होतं म्हणून घाबरून. ते नॉर्मल आहे, गोळी चहासोबत नको, आंबट फळासोबत चालेल, हे इतकं साधं तिला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. आणि पाणी भरायचं काम दादाकडे दिलं, कारण दिवसभर राबून जास्तीचं खाल्लेलं त्यातच खर्च होतं.

आता तक्रार. महिन्यातून एकच व्हिजिट कमी पडते आणि ही लोकं नाव पाचवा महिना लागल्यावरच नोंदवतात. डब्ल्यूएचओ २०१६ पासून सांगतंय की पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत व्हावी आणि एकूण ८ व्हाव्यात, शिवाय फोलिक अ‍ॅसिडची खरी गरज तर अगदी सुरुवातीलाच असते. दुसरं म्हणजे फॉर्ममध्ये घरातल्या बाकीच्यांसाठी एक रकानासुद्धा नाही, खरेदी कोण करतं, जेवण कोण वाढतं, काहीच विचारत नाहीत.

घेणार असाल तर घरी येणारा प्लॅनच घ्या, नुसतं अ‍ॅप नको, आणि सगळे घरी असतील अशी वेळ मागा. आमची पुढची व्हिजिट २० तारखेला आहे, त्या दिवशी अण्णांनाही घरी थांबायला सांगितलंय.