साडेतीनशे रुपयांचं चमचमतं कडं

माझ्या जुन्या ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद अंगाच्या) गिटारच्या साउंडहोलभोवती, म्हणजे मधल्या गोल भोकाभोवती, नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेघा होत्या. हौस म्हणून शिंपल्यासारखं चमकणारं गोल स्टिकर मागवलं. जाहिरातीत लिहिलं होतं, यानं आवाज खुलतो. डोंबल! लावण्याआधी आणि नंतर तोच जी कॉर्ड मोबाइलवर रेकॉर्ड केला, बायकोला काही न सांगता ऐकवला. "दोन्हीत एक तार उतरलीय," म्हणाली. (खरंच उतरली होती.)

गिटारचा टॉप, म्हणजे वरची लाकडी फळी, सतारीची तबली म्हणा, जास्त हलतो तो ब्रिजच्या (तारा जिथे फळीला अडकतात त्या पट्टीच्या) आसपास, खालच्या रुंद भागात. साउंडहोलच्या आजूबाजूला आतून ब्रेसिंगच्या, म्हणजे आधाराच्या, पट्ट्या असतात, त्यामुळे तो भाग मुळातच ताठ. खऱ्या जडावकामात जेमतेम 3 मिमीच्या टॉपमध्ये दीड-दोन मिमी खोल खाच पाडून शिंपला किंवा लाकडाच्या बारीक पट्ट्या बसवतात. तिथे हात चुकला तर टॉप कमकुवत होतो. आवाजापेक्षा मला ती भीती मोठी वाटते. भोकाचा व्यास मात्र फरक पाडतो. भोक लहान झालं की आतल्या हवेचा खर्जातला सूर खाली जातो. माझं स्टिकर दोनेक मिमी आत आलं होतं, तेवढं ब्लेडनं कापलं.

दिसायला झकास, शंका नाही. पण मे महिन्यात कड सुटली आणि ओढताना पॉलिशचा टवका निघाला. दोन तारे, तेही रंगासाठी.